समुद्रगवताचा प्रश्न किनाऱ्याच्या अलीकडचा

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरातले ४४८ चौरस किलोमीटर पाणी ड्युगाँगसाठी राखीव म्हणून जाहीर केले. असे क्षेत्र देशात पहिलेच. ड्युगाँग हा समुद्रात राहणारा शाकाहारी सस्तन प्राणी, आणि त्याचे पोट जवळजवळ पूर्णपणे समुद्रगवतावर चालते. त्यामुळे इतकी वर्षे कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या या गवताकडे अचानक लक्ष गेले आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, गवत लावा. ते कार्बन साठवते, माशांच्या पिलांना आसरा देते, किनाऱ्याची धूप रोखते, तेव्हा कांदळवनासारखी त्याचीही लागवड हाती घ्या. दुसरा तट म्हणतो, ट्रॉलर आवरा, मच्छीमार तळ खरवडून काढतात म्हणून गवत जाते. दोन्ही तट समुद्राकडे तोंड करून भांडत आहेत. माझे म्हणणे असे की, वळून जमिनीकडे पाहिल्याशिवाय या वादाला काही अर्थ नाही. गवत कुठे तगेल आणि कुठे नाही हे पाण्यातून तळाशी किती उजेड पोचतो, पाणी किती खारे राहते, किती तापते यावर ठरते. यातल्या बहुतेक गोष्टींचा निकाल शहरांच्या गटारांत, शेतांच्या निचऱ्यात आणि धरणांच्या दरवाजांवर लागलेला असतो.

निम्मा गोंधळ हे गवत म्हणजे शेवाळ अशा समजुतीतून होतो. समुद्रगवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे आहेत, फुले येतात, बी धरते. जमिनीवरच्या पूर्वजांपासून निघून कोट्यवधी वर्षांपूर्वी ती पुन्हा खाऱ्या पाण्यात गेली. जगभरात तिच्या साठ-सत्तर जाती आहेत, भारतात चौदाच्या आसपास. शेवाळाला मुळांचा संसार नसतो. पृष्ठभागावरच्या उजेडाचा एखादा टक्का मिळाला तरी पुष्कळशा शेवाळांचे भागते. समुद्रगवताला सरासरीने अकरा टक्क्यांच्या आसपास उजेड लागतो, काही जातींना त्याहून बराच जास्त. याचे कारण त्याच्या पायाखाली आहे. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, असतो तो सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी सल्फाइड. पाने दिवसा जो प्राणवायू तयार करतात त्यातला काही खाली मुळांपर्यंत पोचतो आणि हे विष बाहेर थोपवून धरतो. पाणी गढूळ झाले की अन्न कमी पडते हे खरेच, पण त्याचबरोबर हा बांधही फुटतो आणि विष मुळांतून आत शिरते. म्हणूनच वर्षभर ठीक दिसणारे कुरण एखाद्या खराब हंगामात झपाट्याने बसते. सांडपाण्यातला नत्र गवताला सहसा थेट मारत नाही. तो पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाला पोसतो, पानांवर चढणाऱ्या बुळबुळीत थराला पोसतो, आणि हे दोघे मिळून गवताच्या वाट्याचा उजेड खातात.

आता एक जुने प्रकरण पाहा. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे झोस्टेरा जातीचे गवत रोगाने धडाधड मेले. सुमारे नव्वद टक्के गेले असे मानतात. त्यावर जगणाऱ्या ब्रँट बदकहंसांची उपासमार झाली आणि केवळ त्या पानांवर राहणारी एक छोटी शंखगोगलगाय अटलांटिकमधून कायमची नाहीशी झाली. पुढे अनेक ठिकाणी गवत परतले. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात मात्र खोल भागातले गवत परतलेच नाही. का? रोग तर सगळीकडे तोच होता. पण तिथे १९३२ मध्ये आफ्स्लाउटडाइक हा बत्तीस किलोमीटरचा बंधारा पुरा झाला होता, त्याने झाउडरझे हा आतला समुद्र तोडला आणि वाडन समुद्रातले भरती-ओहोटीचे प्रवाह बदलले. पुढे पाणी गढूळच होत गेले. काही संशोधकांनी नंतर दाखवून दिले की त्या दोन वर्षांत सूर्यप्रकाशही नेहमीपेक्षा कमी पडला होता. जे गवत वाळवून डच लोक गाद्यांत भरत, समुद्राच्या बांधांत रचत, ते एका पिढीच्या डोळ्यांदेखत गेले, आणि दोष कित्येक वर्षे एकट्या रोगाच्या माथी राहिला. रोगावर बोट ठेवणे सोपे होते. बंधारा राष्ट्राच्या अभिमानाचा विषय होता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण फ्लोरिडातल्या टँपाच्या उपसागराचे. १९५० च्या सुमारास तिथे चाळीस हजार एकरांच्या आसपास समुद्रगवत होते. १९८२ च्या मोजणीत ते जेमतेम साडेएकवीस हजार एकर उरले. १९७० च्या दशकापर्यंत शहरांचे अर्धवट शुद्ध केलेले सांडपाणी थेट उपसागरात जात होते. लोक वैतागले, कायदे झाले, १९७९ मध्ये टँपा शहराचे सांडपाणी केंद्र नत्र काढून टाकण्याइतके सुधारले गेले. पुढे १९९० च्या दशकात नगरपालिका, वीज कंपनी आणि खत कारखाने यांनी एकत्र बसून नत्राची कमाल मर्यादा आपसांत वाटून घेतली. २०१६ मध्ये गवत एकेचाळीस हजार एकरांपलीकडे गेले. थोडीफार लागवड झाली, पण ती या आकड्यापुढे नगण्य. मुख्य म्हणजे या तीस-पस्तीस वर्षांत किनाऱ्यावरची लोकसंख्या सतत वाढत होती. ‘विकास हवा तर समुद्र मरणार’ असे आपल्याकडे जे गृहीत धरले जाते ते इथे टिकत नाही. टिकत नाही म्हणजे कायमचे सुटले असेही नाही. २०१६ नंतर उपसागराच्या वरच्या भागात शैवालाचे फुलोरे, म्हणजे त्याची एकाएकी होणारी बेसुमार वाढ, जास्त दिसू लागले, २०२१ मध्ये एका बंद पडलेल्या खत कारखान्याच्या तळ्यातले दूषित पाणी सोडावे लागले, आणि २०२२ च्या मोजणीत गवत पुन्हा तीस हजार एकरांवर घसरलेले दिसले.

लागवडवाल्यांच्या हातात एक खणखणीत पुरावा आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या अटलांटिककडच्या उथळ खाड्यांतले गवत १९३० च्या दशकातल्या त्या रोगाने आणि १९३३ च्या वादळाने समूळ गेले होते. तिथला स्कॅलप शिंपल्यांचा धंदाही त्याच्याबरोबर बुडाला. सत्तर वर्षे तळ उघडा होता. मग संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी वीस वर्षांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि २०२० पर्यंत सुमारे ३,६०० हेक्टरांचे कुरण उभे राहिले. जगातला हा सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणतात, आणि ते रास्त आहे. पण यश कशाचे? त्या खाड्यांना मोठी नदी मिळत नाही, काठावर मोठे शहर नाही, पाणी पहिल्यापासून नितळ होते. कमी होते ते फक्त बी, कारण बी देणारे गवतच आसपास उरले नव्हते. मधला चिंचोळा भूभाग ओलांडून पलीकडे चेसापीकच्या मोठ्या उपसागरात उतरा. त्याच मंडळींनी तिथेही पेरणी करून पाहिली, पण तसे फळ मिळाले नाही. तिथे पाण्याखालच्या गवतात जी मोठी वाढ झाली ती १९८४ पासून नत्र तेवीस टक्क्यांनी उतरल्यावर. २०१८ च्या एका अभ्यासानुसार १७,००० हेक्टर गवत परत आले, त्यात गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातल्या जाती धरलेल्या आहेत, आणि ते कुणी लावलेले नाही. एकाच द्वीपकल्पाच्या दोन अंगांना दोन वेगळे रोग होते. एकीकडे बी हवे होते, दुसरीकडे उजेड. रोग न ओळखता औषध वाटत सुटणारा वैद्य कधीमधी बरोबर ठरतोच, त्यावरून त्याची विद्या सिद्ध होत नाही.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. गवत स्वतःच पाणी नितळ ठेवते. पानांमुळे लाट मंदावते, गाळ खाली बसतो, मुळे तो धरून ठेवतात. गवत गेले की तोच गाळ प्रत्येक वाऱ्याला उठतो आणि पाणी गढूळ ठेवतो, मग वरून येणारे नत्र कमी केले तरी गवत परतत नाही. म्हणजे ‘आधी पाणी, मग गवत’ म्हणणारा माणूस कायमचा वाट पाहत बसू शकतो. हे मला मान्य आहे. १,७८६ लागवड प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या २०१६ च्या एका जागतिक अभ्यासातही दिसले की, मोठ्या प्रमाणावर केलेली लागवड छोट्या ठिगळांपेक्षा चांगली तगते, कारण गवत एकमेकांना आधार देते. पण याच अभ्यासाने हेही सांगितले की एकूण सरासरी तगण्याचे प्रमाण सदतीस टक्केच आहे आणि ज्या कारणाने गवत गेले ते कारण दूर झाले की नाही यावर बरेच अवलंबून असते. तेव्हा उलट क्रमाने धक्का देणे कधीकधी गरजेचे असेल, मान्य. मात्र तो धक्का पाणी उंबरठ्याजवळ आलेले असताना द्यायचा असतो, आणि उंबरठा कुठे आहे हे कळायला आधी मोजायला लागते. आपल्याकडे मोजणी कशाची होते? महाराष्ट्राने २०१६ ला दोन कोटी, मग चार, तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांचे लक्ष्य ठरवून झाडे लावली. पुढे विधिमंडळाच्या समितीला त्यातले किती जगले याची चौकशी करावी लागली. रोप लावल्याचा फोटो त्याच दिवशी निघतो, ते जगले की नाही ते तीन वर्षांनी कळते. जमिनीवर निदान जाऊन पाहता येते. दोन मीटर गढूळ पाण्याखाली नारळाच्या सुंभाच्या चौकटीला बांधलेले फुटवे जगले की कुजले हे कोण बघायला जाणार?

कार्बनच्या हिशेबाचेही तेच. समुद्रगवताच्या मुळांखाली हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असू शकतो, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे इथे जगातल्या सर्वांत मोठ्या कुरणांपैकी एक आहे आणि त्यातले पोसिडोनिया जातीचे एकच रोप मुळांनी पसरत १८० किलोमीटर लांब झाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. त्याच शार्क बेमध्ये २०१०-११ च्या उष्ण लाटेत हजार चौरस किलोमीटरांहून जास्त गवताची हानी झाली आणि साठवलेला कार्बन वीस-पंचवीस नव्हे, लाखो टनांच्या हिशेबात पुन्हा बाहेर पडला. ज्या तिजोरीची किल्ली पाण्याच्या तापमानाकडे आहे तिच्यावर कर्ज उचलून आज कार्बनपत्रे, म्हणजे कार्बन साठवल्याची विकाऊ प्रमाणपत्रे, बाजारात आणायची, यातली घाई मला कळत नाही.

दुसऱ्या तटाकडे वळू. ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढले की गवत उपटते, हे पाल्कच्या उपसागरातले कोणीही सांगेल, आणि त्यावर निर्बंध हवेतच. ट्रॉलरने उठवलेला गाळही उजेडच अडवतो, हे इथे लक्षात घ्यावे. पण ट्रॉलर बंद झाले म्हणजे काम संपले असे समजणे सोयीचे आहे म्हणूनच ते इतके ऐकू येते. मच्छीमाराचा काठावर पत्ता असतो, त्याच्यावर गुन्हा नोंदवता येतो. नत्राला पत्ता नसतो. किनारपट्टी नियमन अधिसूचनेने समुद्रगवताच्या जागा सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात घातल्या आहेत, ही चांगली गोष्ट. पण ते संरक्षण नकाशावरच्या रेषेपाशी संपते, आणि तळावरचा अंधार त्या रेषेच्या पन्नास किलोमीटर आतून येतो. घरात पाणी छतातून गळत असताना दाराला कुलूप लावून काय साधणार?

माझ्या म्हणण्याला खरे आव्हान लक्षद्वीपने दिले आहे. अगत्तीच्या खाजणात नदी नाही, गाळ नाही, पाणी काचेसारखे. तरीही २००० नंतरच्या दशकात तिथले गवत झपाट्याने कमी झाले. कारण होती हिरवी समुद्री कासवे. संरक्षणामुळे त्यांची संख्या इतकी वाढली की त्यांनी गवत मुळापर्यंत खाऊन काढले. स्थानिक मच्छीमार कासवांवर रागावले, गवताबरोबर मासेही जातात अशी त्यांची तक्रार होती. संशोधकांनी मोजून पाहिले तेव्हा तिला आधार मिळाला. मग कासवे दुसऱ्या बेटांच्या खाजणांकडे वळली आणि तिथेही तेच सुरू झाले. हे उदाहरण ‘उजेड असला की गवत असते’ या भाबड्या सूत्राला खोटे ठरवते, आणि ते ठरलेच पाहिजे. उजेड ही अट आहे, हमी नव्हे. पण यावरून लागवडीचा पक्ष मजबूत होतो का? अगत्तीत कुणी गवत लावले असते तर कासवांना आयती पंगत वाढल्यासारखे झाले असते. इथे मच्छीमाराचे बोलणे सगळ्यांत आधी खरे ठरले होते, हेही कुणी फारसे सांगत नाही.

उजेडाचा हट्ट मी धरला आहे, तरी एकाच गुणाने सगळे ठरत नाही. खारेपणा घ्या. ओडिशातले चिल्का सरोवर महानदीच्या शाखांच्या गाळाने भरत गेले, समुद्राकडचे तोंड अरुंद झाले, पाणी गोडे होत गेले आणि गोड्या पाण्यातले तण माजले. २३ सप्टेंबर २००० ला सातपाड्याजवळ नवे तोंड खोदून समुद्राची वाट मोकळी केली. खारे पाणी आत येऊ लागले, तण मागे हटले, मासळी कित्येक पटींनी वाढली आणि समुद्रगवतही पसरले. २००२ मध्ये चिल्का धोक्यातल्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून बाहेर पडले. तिथे कुणी गवताच्या जुड्या रोवल्या नव्हत्या. आता उलट टोक बघा. फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्सच्या दलदलीचे पाणी कालव्यांनी दुसरीकडे वळवले, फ्लोरिडा बेला गोडे पाणी कमी मिळू लागले. १९८७ च्या कडक उन्हाळ्यात पाणी प्रमाणाबाहेर खारट आणि गरम होऊन गवत हजारो हेक्टरांवर मेले, २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. एकीकडे नदी जास्त झाली, दुसरीकडे कमी. ‘समुद्रात वाहून वाया जाणारे पाणी’ हा आपल्या राजकारणातला लाडका शब्दप्रयोग. कोकणातल्या नद्यांचे पाणी घाटावर नेण्याच्या योजना याच वाक्याने सुरू होतात. आणि वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांचे अवजल, म्हणजे वीज काढून झाल्यावर सोडलेले पाणी, बारा महिने मिळते तेव्हा दाभोळच्या खाडीच्या खारेपणाचा हिशेब कुणाच्या फायलीत असतो? वाया कुणाला आणि कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही.

मालदीवने तर आणखी एक गंमत केली. तिथे गेल्या वीस वर्षांत समुद्रगवत सुमारे तिपटीने वाढल्याचे उपग्रहचित्रांवरच्या एका अभ्यासात दिसले, आणि ते निर्मनुष्य बेटांपेक्षा वस्तीच्या बेटांजवळ जास्त सापडले. निळ्याशार पाण्यात पोषणाचा इतका दुष्काळ असतो की माणसाने सोडलेला थोडा नत्र गवताला खतासारखा लागू पडतो, असा अंदाज आहे. टँपात जे विष तेच इथे खत. मग ‘प्रदूषण कमी करा’ हा उपदेश सगळीकडे सारखाच देणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या बाजूच्या लोकांनीही, जरा थांबावे. गोव्याच्या खाड्यांत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर कांदळांच्या पायथ्याशी हॅलोफिला बेकारी ही इटुकल्या पानांची जात आढळते. जागतिक यादीत ती असुरक्षित मानली आहे. पावसाळ्यात मांडवीचे पाणी लाल आणि जवळजवळ गोडे होते, त्यात खोल तळावर गवत टिकणे कठीण. ही जात वर चिखलात राहते, तिथे ओहोटीला थेट ऊन मिळते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पाल्कसारखी विस्तीर्ण कुरणे का नाहीत याचे बरेचसे उत्तर या पावसात आहे, आणि ते कमीपणाचे लक्षण नाही. तिथे ‘गवत नाही, लावा’ म्हणणाऱ्याने एकदा जुलैतली मांडवी पाहून यावी.

राहिला तापमानवाढीचा मुद्दा. समुद्रच तापणार असेल तर गावोगावच्या गटारांवर खर्च कशाला, असे विचारणारे चतुर वाटतात. पण पाणी तापले की वनस्पतीचा श्वास वाढतो, तिचा खर्च वाढतो, म्हणजे तितकाच जास्त उजेड लागतो. चेसापीकच्या दक्षिण भागात २००५ आणि २०१० च्या उन्हाळ्यांत गवत करपले, तेव्हा गढूळ पाण्यातल्या गवताला फटका जास्त बसला. उष्णता आपल्या हातात नाही म्हणूनच उजेड हातात ठेवणे भाग आहे. ड्युगाँगच्या जवळच्या नातलगाचे, मॅनॅटीचे उदाहरण ताजे आहे. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर खाजणात वर्षानुवर्षे साठलेल्या पोषकद्रव्यांनी २०११ मध्ये शैवालाचा प्रचंड फुलोरा आला, गवत गेले, आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, राज्यात अकराशे मॅनॅटी मेले. त्यातले पुष्कळ उपासमारीने. त्या हिवाळ्यात सरकारी माणसे त्यांना लेट्यूसची पाने टाकत होती. मॅनॅटीला कायद्याचे संरक्षण तेव्हाही पूर्ण होते.

पाल्कचे राखीव क्षेत्र तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत आहे. मागे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, कावेरीवरच्या कल्लणै या जुन्या बंधाऱ्याच्या कालव्यावर भिजणारी भातशेती, मधली छोटी गावे-शहरे, किनाऱ्यावर कोळंबीची तळी. या सगळ्यांचा निचरा शेवटी त्याच उथळ उपसागराला मिळतो. राखीव क्षेत्र वनखात्याचे, भात कृषी खात्याचे, कालवा जलसंपदा खात्याचे, गटार नगरपालिकेचे. टँपाने नत्राचा हिशेब एका टेबलावर आणला म्हणून गवत आले. इथे ते टेबलच अजून मांडायचे आहे. आणि निचऱ्याच्या तोंडांशी, कुरणांच्या मधोमध, ट्रॉलरच्या वाटेवर तळाला किती उजेड पोचतो हे मोजायला नवा कायदा लागत नाही. एक होडी, दोन प्रकाशमापक आणि दर पंधरवड्याला ठरल्या जागी जाणारा माणूस पुरतो, आणि तो माणूस तिथल्याच मच्छीमारांतला असायला काहीच हरकत नाही.